महानदीकाठचे श्रीपूर



भिलाईच्या सेक्टर २ मध्ये राहणाऱ्या माणसाने प्राचीन नगराविषयी बोलावे, हे काहींना चमत्कारिक वाटेल. आमच्या वसाहतीला क्रमांक आहेत, आख्यायिका नाहीत. १९५५ साली सोव्हिएत रशियाशी करार झाला, १९५९ च्या फेब्रुवारीत पहिली झोतभट्टी पेटली, आणि त्या सुमारास हे सेक्टर वसत गेले. इथला सारा इतिहास एका माणसाच्या आयुष्यात मावतो. परंतु या कारखान्याला पाणी पुरविणारे गंगरेल धरण महानदीवर आहे. आणि त्याच महानदीच्या काठी, भिलाईहून रायपूरमार्गे शंभराहून थोड्या अधिक किलोमीटरांवर सिरपूर नावाचे एक खेडे आहे. कोरीव लेखांत त्याचे नाव श्रीपूर असे येते. एके काळी ही दक्षिण कोसलाची राजधानी होती.

काशीसारखी घाटांची रांग किंवा पैठणसारखी नांदती पेठ येथे शोधू नये. येथे नगर जमिनीखाली आहे. वर उभे राहिले ते मुख्यतः एक देऊळ, आणि तेही विटांचे. दगडाची कितीतरी मंदिरे कोसळली आणि सातव्या शतकातले हे विटांचे शिखर मात्र टिकले, याचे नवल वाटते. विटा इतक्या नेटक्या बसविल्या आहेत की सांधा दिसू नये. बाहेरच्या भिंतींवरील आभासी गवाक्षेही विटांतच कोरलेली आहेत. गर्भगृहाची द्वारचौकट तेवढी दगडाची. तिच्यावर शेषशायी विष्णू आहे, बाजूंना अवतार आहेत. लोक याला लक्ष्मणमंदिर म्हणतात. वास्तविक हे मंदिर हरीचे. मगधाच्या सूर्यवर्म्याची कन्या वासटा हिने आपला पती हर्षगुप्त याच्या निधनानंतर ते बांधविले. तिचा पुत्र महाशिवगुप्त बालार्जुन तेव्हा राज्य करीत होता.

हे सर्व सांगणारा शिलालेख रायबहादूर हीरालाल यांनी वाचून प्रसिद्ध केला. त्यातली एक गोष्ट मला फार मार्मिक वाटते. मंदिरासाठी गावे दान दिली, त्यांत ब्राह्मणांचे वाटे ठरविले. पण हे वाटे पुढच्या पिढ्यांना चालावयाचे ते विद्वान व सदाचारी वंशजांनाच, जुगारात आणि दुर्व्यसनांत रमणाऱ्यांना नव्हे. विधवा राणीला पुढच्या पिढ्यांची चांगली पारख होती, असे म्हणावयास हरकत नाही!

माता वैष्णव, पुत्र शैव, आणि त्याच राज्यात बौद्ध विहार भरभराटीस आलेले. चिनी प्रवासी ह्युएनत्संग ६३९ च्या सुमारास कोसलात आला होता. त्याने राजधानीचे नाव दिलेले नाही; ती हीच असावी, असे अनेक विद्वानांचे मत आहे. या विहारांना मातीतून बाहेर काढण्याचे पहिले मोठे काम एका मराठी संशोधकाचे आहे, हे आपल्यापैकी पुष्कळांना ठाऊक नसते. १९५६ पर्यंत हा मुलूख ज्या मध्य प्रदेशात होता, त्याची राजधानी नागपूर होती. त्या काळात डॉ. मोरेश्वर गंगाधर दीक्षित यांनी सागर विद्यापीठातर्फे येथे उत्खनन केले. भिक्षू आनंदप्रभू याने बांधविलेला विहार त्यांना सापडला. भूमिस्पर्श मुद्रेतला भव्य बुद्ध, भोवती भिक्षूंच्या खोल्या, आणि भिक्षूंच्या अन्नसत्राची तरतूद सांगणारा लेख. छत्तीसगडावर शतकभर भोसल्यांचा अंमल होता म्हणून आपण अभिमानाने बोलतो; दीक्षितांच्या कुदळीचा मात्र आपल्याला विसर पडतो.

पुढे २००० नंतर अरुणकुमार शर्मा यांच्या देखरेखीखाली आणखी पुष्कळ नगर उजेडात आले. सुरंग टीला नावाच्या मंदिराच्या उंच पायऱ्या लाटेसारख्या वाकल्या आहेत. भूकंपाने हे घडले, असे उत्खनन करणाऱ्यांचे मत. कारण काहीही असो, त्या वाकलेल्या पायऱ्या तशाच राहू दिल्या, हे उत्तम झाले. इतरत्र कित्येक जुन्या भिंतींवर नव्या विटांचे थर चढले आहेत. डागडुजी हवीच, पण जुने कोठे संपले आणि नवे कोठे सुरू झाले, हे पाहणाराला कळावयास नको काय? तसेच, हे स्थळ नालंदेहून थोर की लहान, अशी तुलना करण्याची हौसही मला व्यर्थ वाटते.

येथील कांस्यमूर्ती १९३९ मध्ये निघाल्या आणि पांगल्या. त्यांतील काही रायपूरच्या संग्रहालयात आहेत, एक देखणी तारा थेट लॉस एंजेलिसच्या संग्रहालयात जाऊन बसली आहे. म्हणून सिरपूरला जाणाऱ्याने आधी रायपूरचे संग्रहालय पाहावे, आणि मगच नदीकडे वळावे.

नदीकाठी गंधेश्वराचे मंदिर आहे. पडलेल्या देवळांचे खांब आणि शिळा घेऊन ते उभारले आहे. कोणता खांब कोठला, याचा हिशेब लागत नाही. परंतु येथे पूजा चालते. तिथल्याच एका जुन्या लेखात, देवाला फुलांच्या माळा मिळत राहाव्यात म्हणून माळ्यांशी केलेली व्यवस्था नोंदली आहे. त्यात देवाचे नाव गंधर्वेश्वर असे आहे. आजही भाविक हातात फुले घेऊन त्या दारातून आत जातात, आणि मागे महानदी वाहत असते.