अंध गृहस्थाची घरदुरुस्ती



वैशाखातल्या संध्याकाळी पुण्याच्या श्रोत्यांपुढे उभे राहून घर गरम कसे ठेवावे या विषयावर बोलायचे, हे जरा धाडसाचेच काम आहे. आपल्यापैकी कित्येकजण या क्षणी हातातल्या कार्यक्रमपत्रिकेने वारा घेत आहेत, तो आवाज मला इथपर्यंत ऐकू येतो आहे. पण चिटणीसांनी मला सांगितले की, तुम्ही अनुभवाचे बोला, उन्हाळा-हिवाळा आम्ही पाहून घेऊ. तेव्हा अनुभवाचेच बोलतो.

मी मूळचा सदाशिव पेठेतला. नोकरीच्या निमित्ताने १९९६ साली अमेरिकेत मिनेसोटा राज्यातल्या मिनियापोलिस शहरी गेलो आणि तिथेच संसार थाटला. २००३ साली माझी दृष्टी पूर्ण गेली. डोळ्यांची हकीकत सांगून आपला वेळ घेत नाही. त्यानंतरच्या पहिल्या हिवाळ्यातली एका रात्रीची गोष्ट मात्र सांगितली पाहिजे, कारण आजचा सारा विषय तिच्यातून निघाला आहे.

मिनियापोलिसला जानेवारीच्या रात्री पारा शून्याखाली पंधरा-वीस अंश जाणे ही बातमी नव्हे. तिकडच्या बहुतेक घरांत तळघरात गॅसवर चालणारी एक भट्टी असते. ती हवा तापवते, पंखा ती हवा नळांतून खोल्याखोल्यांत ढकलतो, आणि खोल्यांतली गार हवा एका गाळणीतून परत भट्टीकडे येते. ही भट्टी बंद पडली म्हणजे घर काही तासांत बर्फाच्या पेटीसारखे होते. पाण्याचे नळ गोठून फुटतात. २००४ च्या जानेवारीत एका रात्री आमची भट्टी बंद पडली. पत्नी रात्रपाळीला गेलेली, घरात मी आणि आठ वर्षांची मुलगी. मी दूरध्वनी करून कारागीर बोलावला. तो आला, दहा मिनिटे खाली खुडबुड केली आणि वर येऊन माझ्याशी नव्हे, माझ्या मुलीशी बोलू लागला! "तुझ्या वडिलांना सांग, गाळणी धुळीने भरली होती, बदलली आहे." बिल १८० डॉलरचे; गाळणीची किंमत पाच डॉलर. पैशांचे दुःख झालेच, पण ते चार दिवसांत विसरलो असतो. माझ्याच घरात, माझ्याच समोर, घराविषयीचे बोलणे आठ वर्षांच्या पोरीशी झाले, ते मात्र विसरलो नाही. दृष्टी गेली त्या दिवशी मी आंधळा झालो होतो. घरातला पाहुणा झालो तो त्या रात्री.

दोन महिन्यांनी मी अंधांसाठी चालणाऱ्या एका शिक्षणकेंद्रात नाव घातले. या शिक्षणपद्धतीचा थोडा इतिहास आपल्याला सांगितला पाहिजे. आयोवा राज्यातील अंधांच्या आयोगाची सूत्रे १९५८ साली केनेथ जर्निगन या गृहस्थांनी हाती घेतली. हे स्वतः जन्मांध. टेनेसी राज्यात शेतावर वाढलेले. तरुणपणी त्यांनी फर्निचरचे दुकान चालवले आणि त्यातले फर्निचर स्वतः बनवले. अंध माणसाला धीर द्यायचा तर प्रवचन नको, त्याच्या हातात करवत द्या, असा त्यांच्या पद्धतीचा रोख होता. ज्यांना थोडेसे दिसते त्यांच्याही डोळ्यांवर पट्टी बांधून सुतारकाम, स्वयंपाक, काठीने फिरणे शिकवायचे. म्हणजे उरलेल्या अंधुक दृष्टीवर भिस्त राहत नाही. मला शिकवणारे मास्तरही अंध होते. पहिल्या दिवशी त्यांनी मला भट्टीपाशी नेले आणि म्हणाले, "हिच्या अंगावरून हात फिरव आणि ही काय खाते, काय टाकते ते सांग."

त्यांनी मला एक गोष्ट शिकवली, आणि आज मला आपल्यापुढे मांडायची आहे तीही हीच. उष्णता ही कोणालाच दिसत नाही. आपल्याकडे घर गळते तेव्हा भिंतीवर ओल दिसते, खाली पातेले ठेवावे लागते. थंड मुलुखातले घरही गळते, पण पाणी नव्हे, ऊब गळते; आणि ती गळती डोळसालाही डोळ्यांनी सापडत नाही. तोही शेवटी हातच पुढे करतो. म्हणजे या एका कामात डोळस आणि आंधळा एकाच पायरीवर उभे आहेत. आणि हाताची सवय म्हणाल तर आंधळा अर्धी पायरी वरच आहे.

आपल्याकडे आगोटीला जसे घर शाकारतात, तसे तिकडे ऑक्टोबरात घर थंडीसाठी तयार करतात. पहिले काम फटी शोधण्याचे. वाऱ्याचा दिवस निवडावा. भट्टी बंद करावी, खिडक्या-दारे लावावीत आणि स्वयंपाकघरातला हवा बाहेर टाकणारा पंखा सुरू करावा. पंखा हवा बाहेर ओढतो, तितकी हवा फटींतून आत शिरते. मग हाताची पालथी बाजू ओली करायची आणि चौकटीच्या डाव्या खालच्या कोपऱ्यापासून सावकाश वर, आडवे, खाली, असे फिरत यायचे. तळहातापेक्षा पालथा हात अधिक हळवा, आणि ओला हात त्याहून हळवा. सुईच्या टोकाएवढी झुळूकही कळते. जिथे गार लागेल तिथे चिकटपट्टीचा तुकडा लावायचा. घरभर फिरून झाले की तुकडे मोजायचे. आमच्या घरात पहिल्या वर्षी एकेचाळीस तुकडे निघाले!

दाराची परीक्षा याहून सोपी. कागदाची पट्टी चौकटीत धरून दार लावायचे आणि पट्टी ओढायची. अडून राहिली तर दार घट्ट बसते. अलगद निसटली तर तिथे फेसाची किंवा रबराची पट्टी हवी. ही पट्टी एका अंगाने चिकट असते. आधी चौकट पुसून कोरडी करावी आणि चिकट बाजूवरचा कागद एकदम न सोलता वीतभर सोलीत, बोटाने दाबीत पुढे जावे. एकदम सोललात तर पट्टी चौकटीला चिकटण्याऐवजी आपल्यालाच चिकटते, हे मी पूर्वानुभवाने सांगतो.

चौकट आणि भिंत यांच्यामधल्या भेगेत लुकण भरायचे. तिकडे ते नळीत भरलेले मिळते. नळीचे तोंड अगदी थोडे कापावे. भेगेच्या दोन्ही अंगांना चिकटपट्टी लावून घ्यावी, म्हणजे बोटाला चाकोरी मिळते. डाव्या हाताचे बोट भेगेवर पुढे, नळीचे तोंड त्याच्या मागोमाग. भरून झाले की ओल्या बोटाने एकदा सारखे करायचे आणि पट्ट्या काढून टाकायच्या. दोन्ही कडा सरळ येतात.

खिडकीच्या तावदानाला आतून पातळ प्लॅस्टिकचा पडदा लावतात. काच आणि पडदा यांच्यामधली कोंडलेली हवा थंडी अडवते. चौकटीला दोन्हीकडून चिकटणारी पट्टी लावायची, तिच्यावर पडदा दाबायचा आणि केस वाळवायच्या यंत्राने गरम वारा द्यायचा, म्हणजे तो आक्रसून ताणला जातो. डोळस माणूस सुरकुती गेली की नाही ते पाहतो. मी बोटाने टिचकी मारतो. पडदा सैल असेल तर फडफडतो. ताणला गेला की तबल्याच्या चाटीसारखा बोलतो. जिथे आवाज उतरलेला तिथे आणखी वारा. मुलगी म्हणायची, "बाबा खिडक्या सुरात लावताहेत."

माप घ्यायचे कसे, असा प्रश्न कोणाच्याही मनात येईल. अंध कारागिरांसाठी एक मोजपट्टी निघाली आहे. नळीतून एक आटे पाडलेली सळई बाहेर येते. तिच्यावर दर अर्ध्या इंचाला बोटाला लागणारी खूण असते, आणि मधले माप टिक्‌ टिक्‌ आवाजावर मोजायचे. एक टिक्‌ म्हणजे इंचाचा सोळावा हिस्सा. तिच्या आधाराने मी दाराच्या तळाशी बसवायची फळी स्वतः कापली, आणि ती बसली.

आता भट्टीची गाळणी, जिच्यापायी मी १८० डॉलर मोजले. ती भरली की हवा पुरेशी खेळत नाही, भट्टी नको इतकी तापते आणि आतली सुरक्षेची कळ ज्योत बंद करते. गाळणीवर हवेची दिशा दाखवणारा बाण छापलेला असतो, तो मला दिसत नाही. म्हणून नवी गाळणी आणली की दुकानातच कोणाला तरी बाण विचारतो आणि त्या बाजूच्या कडेला कात्रीने खाच पाडतो. बाण भट्टीच्या अंगाला हवा. हिवाळ्यात दर महिन्याला गाळणी काढून हात लावून पाहतो. एरवीही कान सांगतोच. गाळणी भरली की पंख्याचा आवाज धाप लागल्यासारखा होतो.

बचतीचे दुसरे मोठे साधन म्हणजे भट्टीला हुकूम देणारा भिंतीवरचा थर्मोस्टॅट. अमेरिकेच्या ऊर्जा खात्याचा हिशेब असा की, दिवसातले आठ तास तापमान सात ते दहा फॅरनहाइट अंशांनी, म्हणजे आपल्या चार ते साडेपाच अंशांनी, खाली ठेवले तर वर्षाच्या खर्चात दहा टक्क्यांपर्यंत बचत होते. रजईत शिरल्यावर खोली तापवायची कशाला, हे आपल्या आजीलाही कळत होते. जुन्या गोल चकतीच्या थर्मोस्टॅटवर मी नखाने ओरखडे काढून खुणा केल्या होत्या. पुढे गुळगुळीत काचेचे थर्मोस्टॅट आले, ज्यांच्यावर बोटाला काहीच सापडत नाही. आता बोलणारे थर्मोस्टॅटही मिळतात. सुधारणा पुष्कळ होते. पण सुधारणा करताना बोटांचा विचार केला नाही, तर काल जे काम माणूस स्वतः करीत होता त्यासाठी आज त्याला दुसऱ्याला हाक मारावी लागते. पाणी तापवण्याच्या टाकीचेही तसेच. ती १२० फॅरनहाइट, म्हणजे सुमारे ४९ सेल्सिअस अंशांवर ठेवली की गॅस वाचतो आणि हातही भाजत नाही.

"अहो, पण धोका?" हा प्रश्न मला शंभर वेळा विचारला गेला आहे, आणि तो रास्त आहे. विजेचे काम करण्यापूर्वी त्या जागी रेडिओ लावून तो मोठ्याने सुरू ठेवतो. फलकावरचे बटण खाली केल्यावर रेडिओ गप्प झाला की योग्य बटण सापडले. त्यावर ब्रेलची चिठ्ठी असतेच. तरीही प्रवाह असला की पीं-पीं करणारे परीक्षक लावून पाहिल्याखेरीज तारेला हात लावीत नाही.

गॅसचे तर मोठे बोधप्रद आहे. नैसर्गिक गॅसला स्वतःचा वास नाही. १८ मार्च १९३७ रोजी टेक्सासमधील न्यू लंडन गावच्या शाळेत साठलेल्या गॅसचा स्फोट होऊन तीनशेच्या आसपास मुले आणि शिक्षक मृत्युमुखी पडले. त्या शाळेत डोळस माणसे थोडी का होती? त्यांच्या डोळ्यांचा उपयोग झाला नाही. त्यानंतर गॅसमध्ये मुद्दाम उग्र वासाचे द्रव्य मिसळण्याची सक्ती झाली. आपल्या स्वयंपाकघरातल्या सिलिंडरलाही तसाच वास दिलेला असतो. भट्टीतून निसटणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला रंगही नाही आणि वासही नाही. त्याच्यापुढे सारे जग आंधळे आहे. म्हणून घरोघर त्याची घंटा लावतात. सांगायचा मुद्दा हा की, खऱ्या धोक्याची सूचना डोळसांनीही नाकाला आणि कानालाच द्यायची ठरवली आहे. गॅसचा वास आला तर कोणतेही बटण न दाबता बाहेर पडावे आणि बाहेरून दूरध्वनी करावा. गॅसची नळी आणि भट्टीची ज्योत यांना मी हात लावीत नाही. पण माझे डोळस शेजारीही लावीत नाहीत. ते जाणकाराचेच काम. कोणते काम आपले आणि कोणते दुसऱ्याचे हे ठरवायला डोळे नव्हे, अक्कल लागते.

पैसे किती वाचले, असे आपण विचाराल. आमचे गॅसचे बिल उतरले हे खरे. पण सगळे हिवाळे सारखे नसतात, म्हणून आकडा ठोकून सांगत नाही. दुसरी एक प्राप्ती मात्र सांगतो. काही वर्षांनी भट्टी पुन्हा बंद पडली. या वेळी गाळणी स्वच्छ होती, पंखा चालत होता, ज्योत पेटत नव्हती. कारागीर आला तेव्हा मी एवढे सारे त्याला दारातच सांगितले. तो माझ्याशी बोलत खाली उतरला. मुलगी अभ्यास करीत बसली होती. तिला कोणी काही विचारले नाही.

आता पुण्याकडे येतो. इथे भट्टी नाही, पण गळका नळ आहे, सैल बिजागरी आहे, अडकणारी कडी आहे. आणि घरोघर एखादा दृष्टी गेलेला काका, सून, मुलगा आहे, ज्याला सगळे प्रेमाने म्हणतात, "तू बस, आम्ही करतो." आपल्या देशातल्या अंधशाळांनी कित्येक पिढ्या मुलांना वेताच्या खुर्च्या विणायला शिकवले. साऱ्या गावाच्या खुर्च्या ज्या हातांवर आपण सोपवल्या, त्याच हातांना घरच्या खुर्चीचा डुगडुगणारा पाय आपण दुरुस्त करू देत नाही. हे निर्दयपणाने होत नाही, मायेनेच होते. म्हणूनच ते थांबवणे अवघड जाते.

माझे मागणे लहान आहे. आज घरी गेल्यावर अशा कोणाच्या हातात एक पेचकस द्या आणि सैल झालेली एक कडी दाखवा. दाखवा म्हणजे त्याचा हात धरून तिच्यावर ठेवा. पहिल्यांदा अर्धा तास लागेल. स्क्रू दोनदा खाली पडेल. तो त्यालाच शोधू द्या. आपण मात्र कृपा करून त्या अर्ध्या तासात दुसऱ्या खोलीत जाऊन बसा.