सोसायटीची सूट सांभाळा



कापूस-ज्वारीला पीककर्ज देते गावची विकास सोसायटी. सोसायटीला पैसा पुरवते जिल्हा बँक. दोन्ही सहकारी. १९६१ च्या आयकर कायद्यात, कलम ८०पीखाली, दोघींच्याही नफ्याला सूट होती. २००६ च्या वित्त कायद्याने बँकांची सूट काढली. प्राथमिक शेती पतसंस्थांची ठेवली.

मग आयकर खाते पतसंस्थांनाही बँक म्हणू लागले! गोव्यातील केपे अर्बन पतसंस्था लढली, २०१५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात जिंकली. २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही सांगितले : रिझर्व्ह बँकेचा परवाना नाही, ती संस्था बँक नव्हे.

पण २०१८ च्या दुरुस्तीची अट आहे : विवरणपत्र मुदतीत भरले नाही, तर सूट बुडाली. तो कर जाणार आपल्याच लाभांशातून. तेव्हा वार्षिक सभेत आपण सचिवांना विचारूच : विवरणपत्र कोणत्या तारखेला भरले? पोच दाखवा.