नावेचें गांव कोणतें?

मनुष्यानें नकाशावर रेघ ओढावी आणि पाण्यानें ती पाळावी, असें सृष्टीच्या नियमांत कोठेंही लिहिलेलें नाहीं. दोन राज्यांच्या सीमेवर एखादें सरोवर पडलें, म्हणजे वारा एका राज्यांतून सुटतो आणि दुसऱ्या राज्यांतील शीड फुगवितो. अशा पाण्यावर चालणारी लहानशी होडी कोणत्या राज्याची समजावी, तिची नोंद कोणीं करावी, आणि ती बुडाली तर जाब कोणास विचारावा, हा प्रश्न वाटतो तितका क्षुल्लक नाहीं. अमेरिकेंतील संयुक्त संस्थानांनीं त्याचें उत्तर कसें शोधिलें, तें पाहण्यासारखें आहे.

तेथील कॅलिफोर्निया व नेव्हाडा या दोन राज्यांच्या मध्यें टाहो नांवाचें सरोवर आहे. समुद्रसपाटीपासून तें सुमारें ६,२२५ फूट उंचीवर असून त्याची लांबी २२ मैल, रुंदी १२ मैल व अधिकांत अधिक खोली १,६४५ फूट आहे. त्याचा सुमारें दोन-तृतीयांश भाग कॅलिफोर्नियाकडे मोडतो. उत्तरेकडून सरळ येणारी राज्यांची सीमा या सरोवराच्या पोटांतच कोपरा करून आग्नेयीकडे वळते. तेथें ना कुंपण, ना चौकी, ना हद्दीचा दगड! सकाळीं एका राज्यांतून निघालेला नावाडी दुपारीं दुसऱ्या राज्यांत भोजनास उतरतो, आणि मधली सीमा केव्हां ओलांडली हें त्यास कळतही नाहीं.

यंत्रावर चालणाऱ्या होड्यांस क्रमांक देण्याचें काम १९१८ सालच्या कायद्यानें मध्यवर्ती सरकारकडे होतें. दुसऱ्या महायुद्धानंतर लोकांजवळील होड्यांची संख्या झपाट्यानें वाढली. तेव्हां १९५८ सालीं नवा कायदा होऊन हें काम राज्यांनीं हातीं घ्यावें, मात्र पद्धति सर्वत्र एकच असावी, असें ठरलें. पुढें १९७१ सालच्या कायद्यानें होड्यांची बांधणी व त्यांवरील साधनें यांचेही नियम बांधून दिले.

या पद्धतींतील मुख्य सूत्र मोठें समंजस आहे. नाव कोठें विकत घेतली किंवा धनी कोठें राहतो, हें पाहावयाचें नाहीं; ती मुख्यत्वेंकरून ज्या राज्याच्या पाण्यावर चालते, तें तिचें गांव. त्या राज्यानें दिलेला क्रमांक होडीच्या पुढील अर्ध्या भागावर, दोन्ही बाजूंस, निदान तीन इंच उंचीच्या ठसठशीत अक्षरांनीं व उठून दिसेल अशा रंगांत लिहावा लागतो. आरंभींचीं दोन अक्षरें राज्याचीं, पुढें अंक, आणि शेवटीं पुन्हा अक्षरें. त्या शेवटच्या अक्षरांत आय, ओ व क्यू हीं तीन वर्ज्य आहेत. कारण दुरून पाहणारा तीं एक किंवा शून्य समजण्याचा संभव असतो. वादळांत सांपडलेली होडी शोधणारास एका अक्षराची चूक केवढी महाग पडेल, याचा विचार येथें केलेला दिसतो.

दुसऱ्या राज्याच्या पाण्यांत पाहुणी म्हणून आलेल्या होडीस तेथें लगेच नवा क्रमांक घ्यावा लागत नाहीं. तिचें मुख्य वास्तव्यच बदललें, तरीही जुना क्रमांक ओळीनें साठ दिवस चालतो. मतभेद उरतो तो निव्वळ शिडाच्या होडीविषयीं. यंत्र बसविलेल्या होडीस क्रमांक सर्वत्र हवाच. परंतु यंत्र नसलेल्या होडीचा निर्णय राज्यांवर सोपविला आहे. कॅलिफोर्नियांत आठ फुटांहून अधिक लांबीच्या शिडाच्या होडीची नोंद करावी लागते. नेव्हाडांत यंत्र नसेल तर ती लागत नाहीं. पाणी एक, वारा एक, आणि नियम मात्र दोन! म्हणून शहाणा नावाडी शीड उभारण्यापूर्वीं दोन्ही कांठांचे नियम वाचून घेतो.

कागद चोख असले म्हणजे सर्व कांहीं झालें, असेंही नाहीं. १९८८ सालीं अमेरिकेच्या महासरोवरांत परदेशांतून आलेला झेब्रा नांवाचा चिमुकला शिंपला आढळला, आणि २००७ च्या जानेवारींत त्याचा भाऊबंद क्वागा शिंपला नेव्हाडा व ॲरिझोना यांच्या सीमेवरील मीड सरोवरांत सांपडला. त्यांचीं पिलें डोळ्यांस दिसत नाहींत. होडीच्या तळाशीं सांचलेल्या ओंजळभर पाण्यांतून तीं शेंकडों मैल प्रवास करितात, आणि पुढें नळ तुंबवून सरोवराची मूळची जीवसृष्टि बिघडवितात. म्हणून टाहोंत उतरूं पाहणाऱ्या यांत्रिक होडीची आधीं तपासणी होते. होडी स्वच्छ करा, पाणी काढा, कोरडी करा, हा तेथील पाठ आहे. तपासलेली होडी बाहेर पडतांना ट्रेलरशीं तारेच्या सीलनें बांधितात. तें सील अभंग असेल तर परततांना पुन्हा तपासणी नको. नोंद धन्याची साक्ष देते. परंतु होडीबरोबर आलेल्या चोरट्या पाहुण्याची साक्ष केवळ डोळेच देऊं शकतात.

आणि शेवटीं जीवाचा प्रश्न. टाहोचें पाणी भर उन्हाळ्यांतही इतकें थंड असतें कीं, पट्टीचा पोहणाराही अकस्मात् आंत पडला तर त्याचा श्वास कोंडतो. त्यामुळें माणशीं एक तरंगणारें जाकीट होडींत असणें सक्तीचें आहे, आणि चालत्या होडींत तेरा वर्षांखालील मुलांनीं तें अंगावर घातलेंच पाहिजे.

हा विषय दूरदेशींचा खरा, पण आपल्या दारींही तो उभा आहे. नर्मदेवरील सरदार सरोवर मध्यप्रदेश, महाराष्ट्र व गुजरात या तिन्ही राज्यांस भिडलेलें आहे, आणि नंदुरबार जिल्ह्यांतील कांठच्या कित्येक पाड्यांना होडी हेंच वाहन आहे. दवाखानाही तेथें पाण्यावरून येतो. २०१९ च्या संक्रांतीस याच नर्मदेंत यात्रेकरूंची होडी उलटून माणसें दगावलीं. १९१७ सालचा जुना कायदा मागें पडून २०२१ सालीं अंतर्देशीय जलयानांचा नवा कायदा झाला. त्यानें एका राज्यांतील नोंदणी सर्व राज्यांत ग्राह्य ठरविली, आणि यंत्रावांचून चालणाऱ्या होड्यांची नोंद स्थानिक संस्थांकडे सोपविण्याची वाट मोकळी केली. कायदा इतकें करूं शकतो. परंतु होडींत किती माणसें चढवावीं, हें कांठावर उभा असलेला नावाडी आणि चढणारा उतारू हेच ठरवितात. होडी भरली असतां "आणखी एक" म्हणणारास नाहीं म्हणण्याचें धैर्य ज्या गांवीं आहे, त्या गांवची नाव सुखरूप पैलतीरीं लागेल.