डायलिसिसचे रुग्ण आणि विषाणूसंसर्ग : धोक्याची आगाऊ ओळख



मूत्रपिंडे निकामी झालेल्या रुग्णाला आठवड्यातून दोन-तीन वेळा, प्रत्येक वेळी सुमारे चार तास डायलिसिस घ्यावे लागते. 2020 मध्ये कोविडची साथ आली आणि सर्वांना घरातच थांबण्यास सांगण्यात आले. या रुग्णांना ते शक्य नव्हते. युरोपातील नोंदींनुसार पहिल्या लाटेत बाधित झालेल्या डायलिसिस-रुग्णांपैकी सुमारे एक चतुर्थांश 28 दिवसांत दगावले. भारतातील 19 रुग्णालयांच्या पाहणीत टाळेबंदीच्या काळात 2,517 पैकी 710 रुग्णांचे किमान एक डायलिसिस चुकल्याचे आढळले. एकीकडे संसर्ग, दुसरीकडे उपचारांत खंड, असे ते दुहेरी संकट होते.

अशा रुग्णांपैकी कोणाचा आजार बळावेल, हे आधी ओळखता येते काय? काही अंशी येते. उतारवय, मधुमेह, हृदयविकार, शारीरिक क्षीणता आणि रक्तातील अल्ब्युमिनची घट या धोक्याच्या पूर्वखुणा होत. संसर्गानंतर लिम्फोसाइट पेशी घटणे, सीआरपी वाढणे व रक्तातील प्राणवायू कमी होणे ही गंभीर चिन्हे समजावीत.

मात्र येथे एक मेख आहे. या रुग्णांत फेरिटिन, ट्रोपोनिन, डी-डायमर यांचे प्रमाण एरवीही वाढलेले असू शकते. शिरेवाटे दिलेल्या लोहाने फेरिटिन वाढते. उलट, संसर्ग असूनही ताप पुष्कळदा चढत नाही. म्हणून निरोगी माणसाचा मापदंड येथे फसवा ठरतो. रुग्णाची तुलना त्याच्याच पूर्वीच्या नोंदींशी करावी लागते.

सुदैवाने प्रत्येक डायलिसिसच्या वेळी वजन, रक्तदाब, नाडी व तापमान टिपले जाते. 2021 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात अशाच नोंदींवरून, निदान होण्याच्या तीन वा अधिक दिवस आधी संसर्गाचा संशय घेण्याची संगणकीय पद्धत मांडली गेली. तिची अचूकता मर्यादित होती, पण दिशा योग्य होती.

कुटुंबीयांनी यातून बोध घ्यावा. अहवाल तारखेनुसार जपावेत. नेहमीपेक्षा किंचित वाढलेले तापमान, मंदावलेली भूक, थकवा किंवा धाप जाणवताच केंद्रावर जाण्यापूर्वी दूरध्वनीने कळवावे, म्हणजे रुग्णाची स्वतंत्र व्यवस्था करता येते. भीतीपोटी डायलिसिस मात्र चुकवू नये. इन्फ्लुएंझा, हिपॅटायटिस-बी आणि कोविडच्या लसी डॉक्टरांच्या सल्ल्याने वेळेवर घ्याव्यात.

धोक्याचे भाकीत म्हणजे ललाटलेख नव्हे. ज्याचा धोका अधिक, त्याच्याकडे आधी धावून जावे, एवढ्यासाठीच ते करावयाचे असते.