पेशीतली मोडतोड


संशोधनाचं मोल कसं ओळखायचं?
इतर शास्त्रज्ञ त्याचा आधार किती घेतात, त्यावरून.

जपानचे योशिनोरी ओसुमी यांचंच बघा.
त्यांनी यीस्टच्या पेशी उपाशी ठेवल्या.
सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं.
पेशीतल्या पिशवीत बारीक गोळे थरथरत होते.
पेशी स्वतःचेच भाग मोडून पुन्हा वापरत होती!

या कामाला लागणारी १५ जनुकं त्यांनी हुडकली.
१९९३ साली त्यावर छोटासा लेख छापला.
तेव्हा या विषयाकडे मोजकेच लोक वळत.
पुढे मात्र जगभरच्या प्रयोगशाळांनी त्याच लेखाचा आधार घेतला.
२०१६ साली ओसुमींना नोबेल मिळालं.

तेव्हा श्रोतेहो, लेख किती लिहिले, हे मोजू नका.
त्यांच्या आधारावर किती काम उभं राहिलं, ते बघा.