आडवी बाटली आणि आपलं टेबल

(या भागाचा लेखी मजकूर. बोलताना जसं आलं, बहुतेक तसंच ठेवलंय.)



"आज बसायचं का?" असा मेसेज ग्रुपवर पडला, की कशासाठी बसायचं हे कुणी विचारत नाही. सगळ्यांना कळतं. वाळूजची शिफ्ट सुटली, पगार झाला, इंटरव्ह्यू गेला, ब्रेकअप झालं... कारण कुठलंही चालतं. आज त्या 'बसण्या'बद्दल बोलू. उपदेश नाही करणार, लगेच पुढे ढकलू नका.

सुरुवात गावापासून करतो. 'आडवी बाटली' हे नाव तुम्ही बातम्यांत ऐकलं असेल. 2008 च्या सरकारी आदेशाप्रमाणे गावातल्या 25 टक्के महिला मतदारांनी लेखी मागणी केली, की दारूच्या दुकानासाठी गुप्त मतदान घेता येतं. मतपत्रिकेवर दोन चित्रं. उभी बाटली म्हणजे दुकान राहू द्या, आडवी म्हणजे बंद करा. जिला वाचता येत नाही, तिलाही कळेल असं.

आता खरी मेख ऐका. दुकान बंद व्हायला नुसतं जास्त मतं मिळून भागत नाही. यादीतल्या एकूण महिलांपैकी निम्म्याहून जास्त मतं आडव्या बाटलीला पडावी लागतात. समजा, यादीत 1000 बायका आहेत. 700 आल्या. 480 आडवीला, 220 उभीला. कोण जिंकलं? उभी! कारण 501 हवी होती. ज्या 300 आल्याच नाहीत, त्यात कुणी शेतात असेल, कुणी मजुरीला, कुणाला घरातून निघूच दिलं नसेल. पण हिशोबात त्या सगळ्या बाटलीच्या बाजूने गेल्या.

हा हिशोब मला पहिल्यांदा कळला, तेव्हा आमचं टेबल आठवलं. आम्ही पाच मित्र. त्यातल्या एकाला प्यायचं नव्हतं. "नको रे, सकाळी फर्स्ट शिफ्ट आहे," म्हणाला. मी म्हणालो, "घे ना, बिअरच आहे. एकाने काय होतं?" बाकीचे तिघं चकणा खात गप्प होते. त्यांना माझं पटलं होतं असं नाही. पण गप्प होते. त्याने घेतली.

"बिअरच आहे" याचं गणित मी खूप नंतर मांडलं. तेही सांगतो. 650 मिलीची स्ट्राँग बिअर, 8 टक्के अल्कोहोल. म्हणजे आत साधारण 41 ग्रॅम शुद्ध अल्कोहोल. व्हिस्कीच्या 30 मिलीच्या पेगमध्ये असतं सुमारे 10 ग्रॅम. म्हणजे एक बाटली बरोबर चार पेग! आणि आपलं लिव्हर तासाला ढोबळमानाने एकच पेग निपटतं. लिंबूपाणी, काळी कॉफी, गार पाण्याने आंघोळ, कशानेही त्याचा वेग वाढत नाही. रात्री दहाला बसून दोन बाटल्या घेतल्या, तर पहाटे साडेपाचला शिफ्टला निघताना त्यातली थोडी रक्तात असू शकते. कायद्याची मर्यादा आहे 100 मिली रक्तात 30 मिलीग्रॅम. पहिल्यांदा सापडलात तरी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा 10,000 रुपये दंड, किंवा दोन्ही. आणि हे पोलिसांनी पकडलं तर. ट्रकने गाठलं तर वेगळंच.

वयाचंही सांगतो, कारण बरेच जण कॉलेजातले आहात. महाराष्ट्रात बिअरसाठी 21 पूर्ण लागतात, व्हिस्की-रमसाठी 25.

मग करायचं काय? आमच्या ग्रुपने जे केलं ते सांगतो. 'आजपासून बंद' अशी शपथ वगैरे नाही घेतली. शपथा आम्ही दर एक जानेवारीला घ्यायचोच.

एक. जेवणाची ऑर्डर आधी. रिकाम्या पोटी दारू भरभर चढते.

दोन. बिल ज्याचं त्याने द्यायचं. बिल समान वाटलं की न पिणाराही "पैसे तर जाणारच" म्हणून पितो.

तीन. किती घ्यायची, ते निघण्याआधी ग्रुपवर टाकायचं. शून्य असेल तर शून्य.

चार. "घे ना" म्हणायला बंदी. आणि कुणी म्हणालंच, तर दुसऱ्याने लगेच बोलायचं, "त्याला नको आहे, राहू दे." नको म्हणणाऱ्याला एकटं लढवायचं नाही.

पाच. महिन्यातून दोनदा न बसता भेटायचं. आम्ही रविवारी सकाळी दौलताबाद चढतो. पहिल्या वेळी अंधारीपर्यंत जाताना सगळ्यांचीच दमछाक झाली, तो भाग वेगळा!

पण एक गोष्ट नीट ऐका. रोज भरपूर पिणारा कुणी असेल, सकाळी हात थरथरत असतील, घाम येत असेल, तर त्याला "आजपासून एक थेंब नाही" असं घरी कोंडून ठेवू नका. अचानक बंद केल्याने फिट येऊ शकते, भ्रम होऊ शकतो, जीवही जाऊ शकतो. त्याला डॉक्टर लागतो. आपल्या घाटीत मानसोपचार विभाग आहे. टेलीमानसचा नंबर 14416, व्यसनमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन 14446. आणि अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या सभांना फी नसते. दारू सोडायची इच्छा, एवढी एकच अट.

हे मी पुस्तकातून सांगत नाहीये. त्या रात्री "नको" म्हणालेला मित्र दोन वर्षांनी त्याच अवस्थेत होता. नोकरी गेली, वहिनी माहेरी गेल्या. आता सावरतोय. भेटायला गेलो तेव्हा मी माफी मागितली. तो म्हणाला, "तुझ्यामुळे नाही रे. प्यायलो मीच. पण त्या दिवशी कुणी एक जण जरी म्हणाला असता ना, की राहू दे त्याला..."

पुढचं तो बोलला नाही. आम्ही चौघं होतो तिथे.

येत्या शनिवारी कुणीतरी मेसेज टाकेलच, "बसायचं का?" तुम्हाला नको असेल, तर तसं लिहा. दुसऱ्या कुणी लिहिलं, तर त्याच्याखाली तुमचंही "हो, राहू दे" टाका. तेवढं मत द्या.

भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या, आणि गाडी हळू चालवा.