गाडीतला चारशेवीस

(स्नेहमेळाव्यातील भाषण, मांडवा)



संयोजकांचा हुकूम होता की प्रत्येकाने आपापल्या धंद्यातलं काहीतरी सांगायचं. माझं गॅरेज आहे, त्यामुळे मी एका पिवळ्या दिव्याबद्दल बोलतो. आज ज्या मित्राच्या गाडीतून इथे आलो त्याच्याही डॅशबोर्डवर तो पेटलेला होता. त्याने त्यावर देवाचा स्टिकर चिकटवलाय, म्हणजे दिसायला नको!

इंजिनाच्या चित्राचा हा दिवा शंभर कारणांनी पेटतो. त्यातलं एक आपल्या किनाऱ्यावर मला वारंवार भेटतं. स्कॅनर लावला की कोड येतो पी ०४२०. हो, चारशेवीसच. अर्थ एवढाच की कॅटॅलिटिक कन्व्हर्टर पुरेसं काम करत नाही, असं कॉम्प्युटरला वाटतंय. 'वाटतंय' हा शब्द लक्षात ठेवा, सगळा पैसा तिथेच जातो.

बाईंनी आपल्याकडून उत्प्रेरकाची व्याख्या घोकून घेतली होती. अभिक्रियेचा वेग वाढवतो, स्वतः मात्र तसाच राहतो. तोच हा. सायलेन्सरच्या आधी एक डबा असतो, आत मधाच्या पोळ्यासारखी चिनी मातीची जाळी, तिच्यावर प्लॅटिनम, पॅलॅडियम, ऱ्होडियमचा पातळ थर. विषारी कार्बन मोनॉक्साइडचा तो कार्बन डायऑक्साइड करतो, न जळलेलं पेट्रोल जाळतो, नायट्रोजनच्या ऑक्साइडांचा पुन्हा साधा नायट्रोजन करतो. १९९५ साली चार महानगरांत नव्या पेट्रोल गाड्यांना तो सक्तीचा झाला. शिसं त्याला मारतं, म्हणून शिसं नसलेलं पेट्रोलही तेव्हाच तिथे आलं.

डब्याच्या आधी एक आणि नंतर एक ऑक्सिजन सेन्सर असतो. पुढचा सारखा वरखाली होतो, ०.१ ते ०.९ व्होल्ट. डबा आपल्यात ऑक्सिजन साठवतो आणि सोडतो, त्यामुळे मागचा जवळजवळ स्थिर राहायला हवा. मागचाही पुढच्यासारखा नाचू लागला की कॉम्प्युटर चारशेवीस लिहितो. पण मागचा नाचण्याचं कारण डबाच असेल असं नाही.

आपल्या गणिताच्या सरांची परवानगी घेऊन सांगतो. सरांना एका ठिकाणी डबा बदला, सत्तर हजार होतील, असं सांगितलं होतं. पेन्शनमधून सत्तर हजार! सर गाडी विकायला निघाले होते. मी गाडी रात्रभर गॅरेजवर ठेवून घेतली. सकाळी गार इंजिन सुरू केलं आणि खाली वाकून ऐकलं. टिक टिक टिक. मागच्या सेन्सरच्या जरा आधी पाइपाचा जोड खाऱ्या हवेने गंजला होता, कडेला काजळीचा काळा डाग. धूर ठोक्याठोक्याने जातो आणि दोन ठोक्यांच्या मध्ये अशी फट बाहेरची हवा आत ओढते. त्या हवेतला ऑक्सिजन सेन्सर मोजतो आणि नाव डब्याचं होतं. गरम झाल्यावर लोखंड प्रसरण पावून फट बुजते, आवाज जातो. म्हणून हे गार असतानाच ऐकायचं. नवं गॅस्केट, दोन बोल्ट, थोडं वेल्डिंग. मग कोड पुसून अलिबागपर्यंत जाऊन आलो, मागचा सेन्सर शांत होता. तरी सरांना सांगितलं, आठवडाभर चालवा, कॉम्प्युटर आपली परीक्षा सावकाश घेतो. दिवा परत आलेला नाही. सरांनी हिशोब मात्र दोनदा तपासला.

डबा खरंच मेलेला असतो तेव्हाही मी आधी विचारतो, मारला कुणी? इंजिन ऑइल पीत असेल तर ऑइलमधला फॉस्फरस जाळीवर बसतो. स्पार्क प्लग नीट पेटत नसेल तर कच्चं पेट्रोल डब्यात जाऊन जळतं आणि जाळी वितळते. ते दुरुस्त न करता नवा डबा घातला, तर तोही त्याच वाटेने जाणार. आणि दिवा नुसता पेटलेला नसून लुकलुकत असेल, तर गाडी बाजूला घ्या, त्यात 'घरापर्यंत जाऊ' नको.

दर महिन्याला कुणीतरी येऊन म्हणतं, "आतली जाळी फोडून टाका, सेन्सरला स्पेसर लावा, दिवा बंद." मी करत नाही, गिऱ्हाईक गेलं तरी चालेल. रविवारी संध्याकाळी रो-रोसाठी जेट्टीवर गाड्यांची रांग लागते, इंजिनं चालू, आणि त्या रांगेतून आपल्या गावातली पोरं शेंगदाणे विकत फिरतात. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. ते पोरांना कळणार नाही, मला कळतं.

आणखी एक. डबा बदललात तर जुना मागून घ्या. भंगारात त्याला लोखंडाचा नाही, आतल्या धातूंचा भाव येतो. चोर उगाच तो कापून नेत नाहीत.

संयोजक घड्याळ दाखवतायत. ज्यांनी मैदानाच्या कडेला वाळक्या गवतावर गाड्या लावल्यात त्यांनी जेवणाआधी त्या हलवा, तापलेल्या डब्याने गवत पेटतं. ज्यांचा दिवा पेटलाय त्यांच्यासाठी माझा स्कॅनर गाडीत आहे. चारनंतर या, तोवर इंजिनं गार होतील. स्टिकरवाल्याने पहिला नंबर लावावा.